भुताचे जुने सिनेमे: मला नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गावात, नात्यात, बचत गटाच्या मीटिंगमध्ये, कुठंही सिनेमाचा विषय निघाला आणि कोणी भुताचं नाव काढलं की सगळे माझ्याकडं पाहतात. मंग तेच ते प्रश्न येतात आणि मी तीच ती उत्तरं देत राहते, म्हणून आता एका जागी लिहून ठेवते. मी यवतमाळ जिल्ह्यातली, कापूस-तुरीच्या मुलखातली, आणि जे लिहिते ते इथं बसून जसं दिसते, जसं ऐकू येते तसं. मतं माझी आहेत, तुम्हाला पटलीच पाहिजेत असं काही नाही. एक-दोन ठिकाणी शेवटाबद्दल बोलावं लागलं, तिथं आधी सांगितलं आहे.

ताई, मी आजपर्यंत भुताचा एकही सिनेमा पाहिला नाही. सुरुवात कुठून करू?

'महल'पासून. १९४९चा सिनेमा, बॉम्बे टॉकीजचा, कमाल अमरोहींनी दिग्दर्शित केलेला पहिला, त्यात अशोक कुमार आणि मधुबाला. 'आएगा आनेवाला' हे गाणं तुम्ही रेडिओवर लय वेळा ऐकलं असंल पण ते सिनेमात जिथं येते तिथं एकदा पाहा, रात्री, घरातले झोपल्यावर, लाइट बंद करून. मोठा रिकामा वाडा, एक माणूस नुकताच राहायला आलेला, भिंतीवर एक जुनी तसबीर जी हुबेहूब त्याच्यासारखी, आणि कुठूनतरी बाईचा आवाज. आवाज लांब आहे, मंग जवळ येते, पण बाई काही हाती लागत नाही. लताबाईंनी नंतर मुलाखतींत सांगितलं आहे की तो लांबून जवळ येणारा आवाज मिळावा म्हणून त्या माईकपासून दूर उभ्या राहिल्या आणि सुरुवातीच्या ओळी म्हणत म्हणत हळूहळू माईककडं चालत आल्या. तेव्हा काही मशीन नव्हती ना आजच्यासारखी. एका गाणाऱ्या पोरीची पावलं आणि खेमचंद प्रकाशांची चाल, बस एवढ्यावर अख्खा वाडा झपाटला.

'महल' जड वाटला तर 'बीस साल बाद' (१९६२) घ्या. तो सोपा आहे, गावातला आहे, दलदल आहे, ठाकूर घराण्यातल्या माणसांचे मुडदे पडत राहतात आणि रात्री कोणीतरी गात राहते. हेमंत कुमारांचं संगीत, 'कहीं दीप जले कहीं दिल', याच गाण्याला लताबाईंना फिल्मफेअर मिळालं. त्यानंतर 'वो कौन थी' (१९६४). राज खोसलांच्या या सिनेमाची पहिली काही मिनिटं मला आजही पाठ आहेत, धो धो पाऊस, डॉक्टरची गाडी, रस्त्यात पांढऱ्या साडीत उभी असलेली साधना. गाडीचा वायपर बंद पडते, त्याला रस्ता दिसत नाही पण तिला दिसते. एवढंच. कोणी किंचाळत नाही, कोणाचा चेहरा वाकडा होत नाही, पण आपण सरकून बसतो.

पण ते सगळे ब्लॅक अँड व्हाइट आणि स्लो. त्यात कसलं भेव लागते?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, विशेष करून कॉलेजच्या पोट्ट्यांकडून, आणि याच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

ज्यानं वावरात जागल केली त्याला विचारा. लहानपणी हरभरा हिरवा असताना मी बाबांसोबत जागलीला जायची. रात्री डोळ्याला काही दिसत नाही, दिसते ते फक्त आपल्या शेकोटीपुरतं. सगळं काम कानाचं राहते. पलीकडं तुरीत खसखस झाली की आधी सगळे गप्प, मंग विचार सुरू, वारा आहे का, रानडुक्कर आहे का, रोही आहे का, का माणूस आहे. आणि डुक्कर एकदा बॅटरीच्या उजेडात दिसलं की खेळ खतम, टिनाचा डबा वाजवला की ते पळते. खरं भेव त्या मधल्या वेळात राहते, ऐकू आलं पण दिसलं नाही त्या वेळात. जुन्या सिनेमावाल्यांना हे माहीत होतं. त्यांच्याकडं भूत दाखवायला पैसे नव्हते असं लोकं म्हणतात, काहींच्या बाबतीत खरं असंल, पण चांगले होते त्यांनी ते मुद्दाम केलं.

सगळ्यात मोठं उदाहरण 'द हाँटिंग', १९६३, रॉबर्ट वाईजचा. अख्ख्या सिनेमात भूत दिसतच नाही. एकदाही नाही. दोन बाया एका खोलीत, बाहेरून भिंतीवर धाड धाड आवाज, तो आवाज पॅसेजमधून सरकत सरकत दारापर्यंत येते आणि थांबते. दुसऱ्या एका रात्री एक बाई अंधारात मैत्रिणीचा हात घट्ट धरून पडलेली आहे, कुठलंतरी पोरगं रडल्याचा आवाज येते, ती ओरडते, लाइट लागते, तर मैत्रीण खोलीच्या दुसऱ्या टोकाला. मंग हात कोणाचा धरला होता? हा एक प्रश्न ठेवून सिनेमा पुढं जाते. ब्लॅक अँड व्हाइट असल्यानं कोपऱ्यातली सावली आणि कोपऱ्यातलं माणूस यांतला फरकच कळत नाही, रंगीत असता तर कळला असता.

रंगीतमध्येही ज्याला जमलं त्यानं कानाकडूनच केलं. 'द शायनिंग' (१९८०) पाहा, स्टॅनली कुब्रिकचा. रिकामं मोठं हॉटेल, एक लहान पोरगं तीनचाकी सायकल चालवत फिरते, कॅमेरा मागं मागं. चाकं लाकडी फरशीवर आली की खडखड खडखड, गालिच्यावर आली की एकदम शांत, परत खडखड, परत शांत. आणि प्रत्येक वळणाला आपल्याला वाटते आता काहीतरी आहे. ज्यांच्या पुस्तकावरून हा सिनेमा केला त्या स्टीफन किंगना तो आवडला नाही, त्यांचं म्हणणं मला कळते, पुस्तकातला त्या पोराचा बाप वेगळा आहे, पण ती सायकल मला कोणी विसरायला लावू शकत नाही.

आजकाल बऱ्याच सिनेमांत काय होते की दहा मिनिटं शांतता, मंग एकदम स्पीकर फाटंल असा आवाज आणि आरशात चेहरा. त्यानं माणूस दचकते हे खरं. फटाका मागून फोडला तरी दचकते. पण ते घरी जाऊन झोपताना सोबत येत नाही.

'सायको'मधलं रक्त चॉकलेटचं होतं हे खरं आहे का?

हो, चॉकलेटचं सिरप. सिनेमा ब्लॅक अँड व्हाइट होता म्हणून चाललं. १९६०चा सिनेमा, हिचकॉकचा. बाथरूममध्ये बाईचा खून होते तो सीन शूट करायला आठवडाभर लागला होता आणि पडद्यावर चाकूचा मामला मिनिटभराचाही नाही. हिचकॉकला आधी तिथं संगीतच नको होतं, पण संगीतकार बर्नार्ड हरमननं नुसत्या व्हायोलिन-चेलोसारख्या तारांच्या वाद्यांवर जे करून ठेवलं ते ऐकून त्यानं मत बदललं. टीव्हीचा आवाज बंद करून तो सीन पाहा, मंग आवाज लावून पाहा, मी काय म्हणते ते लगेच समजंल.

आणखी एक, सिनेमा सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचं नाही असा नियम तेव्हा थेटरवाल्यांना घातला होता. घरी पाहतानाही तोच नियम पाळा ही माझी विनंती आहे.

रामसेंचे सिनेमे तुम्हाला आवडतात का? खरं सांगा.

आवडतात. सगळे नाही, पण 'पुराना मंदिर' (१९८४) आणि 'वीराना' (१९८८) मनापासून आवडतात, आणि ज्यांनी त्यांना नुसतं हसण्यावारी नेलं त्यांच्याशी मी भांडायला तयार आहे.

आधी हे समजून घ्या की हे काम एका कुटुंबाचं होतं. वडील एफ. यू. रामसे, फाळणीच्या आधी कराचीत त्यांचं रेडिओचं दुकान होतं, मंग मुंबईला आले. त्यांनी १९७०मध्ये एक सिनेमा काढला, तो काही चालला नाही, पण त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करतात असा एक सीन होता आणि लोकं तेवढ्या सीनसाठी येऊन राहिले हे पोरांच्या लक्षात आलं. तिथून 'दो गज जमीन के नीचे' (१९७२) आला आणि पुढचा सगळा कारभार. सात भाऊ, कोणी कॅमेरा सांभाळते, कोणी साउंड, कोणी एडिटिंग, कोणी लिहिते, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करतात. आपल्याकडं शेती जशी घरातल्या घरात वाटून घेतात तसा त्यांनी सिनेमा वाटून घेतला होता.

मोठ्या शहरातल्या मोठ्या थेटरांची त्यांनी वाट नाही पाहिली. त्यांचा पिक्चर तालुक्याच्या टॉकीजला लागायचा, आणि नंतर व्हीसीआरवर गावोगावी फिरायचा. आमच्याकडं दुर्गादेवीत नाहीतर गणपतीत व्हीसीआर आणि कलर टीव्ही भाड्यानं आणायचे, रात्रभर तीन पिक्चर, त्यात एक धार्मिक, एक मारामारीचा आणि एक रामसेंचा. धार्मिक सुरू असताना आज्या पुढं, रामसेंचा लागला की आज्या उठून घरी आणि आम्ही पुढं. 'पुराना मंदिर'मधला राक्षस सामरी पेटीतून उठला की मागच्या पोट्ट्यांची शिट्टी बंद व्हायची, हे मी स्वतः ऐकलं आहे. आणि नेमकी तेव्हाच लाइन जायची. लाइन गेल्यावर अंधारात जे पाच-दहा मिनिटं सगळे बसून राहायचे ना, कोणी कोणाला हात लावू द्यायचं नाही, त्याच्याइतकं भेव पिक्चरमध्येही नव्हतं.

त्यांचं काय चुकायचं ते पण सांगते. मध्येच कॉमेडीचा दुसराच पिक्चर सुरू व्हायचा, 'पुराना मंदिर'मध्ये तर जगदीपचा 'शोले'च्या नकलेचा अख्खा भाग आहे, तो पुढं ढकलला तरी काही बिघडत नाही. आणि अंघोळीचे सीन, ते कशासाठी होते हे सगळ्यांना माहीत आहे, बायांसोबत बसून पाहताना ते नकोसे होतात. पण निळ्या-लाल लाइटात धुकं, जुना वाडा, वटवाघळं, दाराची करकर, हे त्यांनी फार थोड्या पैशात उभं केलं. १९९३मध्ये 'झी हॉरर शो' आला तेव्हा टीव्हीवर हेच लोक होते.

भुताचा सिनेमा रात्रीच पाहायचा असते का?

बहुतेक वेळा हो. पण एक सिनेमा मी मुद्दाम दुपारी पाहा म्हणते.

आपल्याकडं आज्या काय सांगायच्या? भर दुपारी बाराला चिंचेखालून जाऊ नको. नुसती रात्र नाही, दुपार पण. मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला की गावात एक माणूस दिसत नाही, दारं लावलेली, कुत्री नालीत पडलेली, पांदणीवर नुसती गरम हवा आणि लांबवर पाणी असल्यासारखा भास. एवढा उजेड की लपायला जागा नाही, आणि तरी आपण एकटं असलो की मागं वळून पाहतो. विदर्भातल्या माणसाला दिवसाचं भेव माहीत आहे. ही गोष्ट आपल्या कोणत्याच सिनेमात आली नाही याचं मला फार वाईट वाटते.

ती मला सापडली टेक्सासमध्ये. 'द टेक्सास चेनसॉ मॅसकर', १९७४, टोबी हूपरचा. १९७३च्या ऐन उन्हाळ्यात तिथल्या रखरखीत भागात शूट केला, आणि ते ऊन पडद्यावर दिसते, नट खरंच घामानं ओले आहेत, गवत वाळलेलं, आकाश पांढरं पडलेलं. चार-पाच पोरंपोरी गाडीतून येतात, पेट्रोल मिळत नाही, पाणी आटलेलं, एक घर दिसते, जनरेटरची घरघर ऐकू येते म्हणून एक जण विचारायला जाते. दुपारी. उजेडात. आणि मंग जे होते ते इतक्या पटकन होते की डोळा लवायच्या आत दार बंद. नाव ऐकून लोकांना वाटते नुसती कापाकापी असंल, पण पडद्यावर रक्त फार थोडं आहे. जेवणाच्या टेबलाचा शेवटचा सीन एका दमात चोवीस तासांच्या वर शूट करत होते, खिडक्या झाकलेल्या, हाडांचा आणि मांसाचा वास, माणसं खरंच थकलेली. कमजोर मनाच्या माणसानं हा पाहू नये हे प्रामाणिकपणे सांगते. पण कोणी कधी विदर्भात भुताचा सिनेमा काढला तर दुपारचा काढा, एवढं माझं मागणं आहे. पऱ्हाटीचं उभं वावर, वेचणी झालेली, माणूस नाही, आणि कोणीतरी धुऱ्यावर उभं.

सिनेमात भूत नेहमी बाईच काहून राहते?

चांगला प्रश्न आहे आणि हा मला बायाच विचारतात.

गावातल्या गोष्टीत तरी काय राहते? हडळ कोण होते, तर बाळंतपणात मेलेली. विहिरीतली कोण, तर सासरच्या जाचानं जीव दिलेली. म्हणजे जिवंतपणी जिचं कोणी ऐकलं नाही तिला मेल्यावर सगळे भेतात. हिंदी सिनेमानं पांढरी साडी आणि हातात मेणबत्ती देऊन तिला देखणी करून टाकली, पण मूळ गोष्ट तीच आहे.

म्हणून मला 'लपाछपी' (२०१७) इतका महत्त्वाचा वाटते. विशाल फुरियांचा मराठी सिनेमा, पूजा सावंत पोटुशी आहे, नवऱ्यासोबत उसाच्या फडातल्या एका घरात येते, तिथं उषा नाईकांची तुळसाबाई. ऊस माणसापेक्षा उंच, आत गेलं की दिशा कळत नाही, आणि उसातून लहान पोरांचे आवाज. हा सिनेमा शेवटी मुलींना जन्माआधी-जन्मानंतर मारण्याबद्दल आहे, आणि हे मी सांगून टाकलं तरी तो पाहताना अंगावर यायचा तो येतोच. गर्भलिंग तपासणीवर बंदीचा कायदा १९९४चा आहे. आपल्यापैकी प्रत्येक बाईला असं एकतरी घर माहीत आहे. मंग भूत कशाला शोधायचं? याच दिग्दर्शकानं पुढं हिंदीत 'छोरी' (२०२१) केला, तो पण ठीक आहे, पण उषा नाईकांचा आवाज मराठीतच ऐका.

परदेशातला 'रोजमेरीज बेबी' (१९६८) पण याच रांगेतला. त्यात भूत-राक्षस जवळपास दिसतच नाही. एक पोटुशी बाई सांगून राहिली की माझ्यासोबत काहीतरी वाईट होऊन राहिलं, नवरा म्हणते तुझ्या मनाचे खेळ, शेजारीण काढा पाजते, डॉक्टर म्हणते पुस्तकं वाचू नको. ती कशीतरी पळून दुसऱ्या डॉक्टरकडं जाते, सगळं सांगते, तो शांतपणे ऐकते, झोप म्हणते, आणि तिच्या नवऱ्यालाच बोलावून घेते. मी तो सीन पाहिला तेव्हा रागानं हात थरथरत होते. भेव आणि राग एकाच वेळी येऊ शकते हे त्या सिनेमानं दाखवलं.

'एक्झॉर्सिस्ट' शापित आहे म्हणतात, खरं काय?

घराचा सेट जळला होता हे खरं. शूटिंगच्या काळात आणि नंतर त्याच्याशी संबंधित काही माणसं वारली हे पण खरं. पण शूटिंग लांबलं होतं, माणसं पुष्कळ होती, आणि भुताच्या सिनेमाला शापाची अफवा मिळाली तर तिकीटं जास्त खपतात. याच्या पलीकडं मी त्यात काही पाहत नाही.

खरी कमाल कामाची आहे. विल्यम फ्रिडकिनचा १९७३चा सिनेमा, एका पोरीच्या अंगात सैतान शिरते आणि पाद्री तो काढायला येतात त्याचा. पोरीच्या खोलीत तोंडातून वाफ दिसते ना, ती खरी, खोलीचा सेटच मशीन लावून गोठवला होता. पोरीच्या तोंडून येणारा तो घोगरा आवाज मर्सिडीज मॅकेंब्रिज नावाच्या नटीचा. म्हातारे पाद्री झालेले मॅक्स फॉन सिडो तेव्हा चाळिशीतले होते, म्हातारपण सगळं मेकअपचं. हिरवी उलटी म्हणजे वाटाण्याचं सूप. ऑस्करला १० नामांकनं, त्यातली दोन मिळाली, आणि बेस्ट पिक्चरच्या नामांकनात पोचलेला हा पहिला हॉरर सिनेमा.

मला मात्र मान फिरवण्याच्या सीनपेक्षा दवाखान्याचा सीन जड जाते. त्या पोरीच्या मानेत सुई घालून तपासणी करतात, मशीन धाड धाड वाजते, आई काचेपलीकडं उभी. पैसा आहे, डॉक्टर आहेत, मशीन आहे आणि कोणालाच काही समजून नाही राहिलं. ज्यानं आपलं लेकरू घेऊन जिल्ह्याच्या दवाखान्यात रात्र काढली त्याला हा सीन समजावून सांगायची गरज नाही.

असे सिनेमे पाहून अंधश्रद्धा वाढत नाही का?

हा प्रश्न मी हलका घेत नाही. आपण गाडगेबाबा आणि तुकडोजी महाराजांच्या मुलखातले लोकं आहोत, ज्यांनी आयुष्यभर अंगात येणं, नवस, गंडेदोरे याच्याविरुद्ध सांगितलं. नरेंद्र दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ला झाला आणि त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवतो म्हणून कोणाला मारणं, बांधून ठेवणं हा गुन्हा आहे. साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालत बसणं हा पण गुन्हा आहे. हे प्रत्येकाला माहीत पाहिजे, सिनेमा पाहणाऱ्याला तर पाहिजेच.

आता माझं म्हणणं. इथं थोडा शेवट सांगते, नको असंल तर पुढच्या प्रश्नावर जा. आपले जुने हिंदी सिनेमे पाहा, 'महल', 'बीस साल बाद', 'वो कौन थी', 'गुमनाम'. दोन-अडीच तास भूत भूत करून शेवटी काय निघते? माणूस. कोणाला इस्टेट पाहिजे, कोणाला बदला पाहिजे, आणि त्यासाठी भुताचं नाटक रचलेलं. हे सिनेमे आपल्याला सांगून राहिले की जिथं भुताची हूल उठते तिथं कोणाचा फायदा आहे ते शोधा. गावात एखाद्या म्हातारीला चेटकीण ठरवलं की तिच्या दोन एकरावर कोणाचा डोळा आहे ते आधी पाहा, हे मी साठ वर्षांपूर्वीच्या सिनेमातून शिकली.

काही सिनेमे उलटं सांगतात, डॉक्टर हरला आणि मांत्रिक जिंकला. ते पाहू नका असं मी म्हणत नाही. पण पाहून झाल्यावर घरात बोला, विशेष करून पोरांसोबत. पिक्चरमध्ये लिंबू फिरवल्यानं पोरगी बरी होते, बाहेर तिला मानसिक आजाराचा डॉक्टर लागते आणि तो जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मिळते.

मराठीत चांगले भुताचे सिनेमे एवढे कमी काहून?

कमी आहेत पण नाहीत असं नाही. 'लपाछपी'वर वर बोलली. त्याच्या आधी 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६), आशा काळे आणि काशिनाथ घाणेकर, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं. 'गोमू संगतीनं' गाण्यावर गॅदरिंगमध्ये सगळे नाचतात पण ते या भेवाच्या सिनेमातलं आहे हे किती जणांना माहीत आहे! मनाच्या आजाराबद्दल इतक्या आधी मराठीत कोणी बोललं होतं याचा मला अभिमान वाटते.

बाकी आपण भुताला हसायला जास्त शिकलो. 'एक डाव भुताचा' (१९८२), मंग 'झपाटलेला' (१९९३), रामदास पाध्यांचा तो तात्या विंचू. हे गोड सिनेमे आहेत आणि लहान पोरांना तात्या विंचूचं खरंच भेव लागते, पण मोठ्यांना रात्री झोप येते.

'तुंबाड' (२०१८) हिंदीत आहे पण मी त्याला आपलाच समजते. राही अनिल बर्वेंचा, नारायण धारपांच्या कथेवरून सुचलेला, खऱ्या पावसात कितीतरी पावसाळे थांबून थांबून शूट केलेला. पहिल्यांदा फारसा चालला नाही आणि २०२४मध्ये परत थेटरात लावला तर आधीपेक्षा जास्त कमाई झाली. हावरटपणाचं एवढं ओलं, चिकट चित्र मी दुसरीकडं पाहिलं नाही. फक्त एक, सगळी भुतं कोकणातच काहून? आमच्या पडक्या गढ्या आहेत, जंगलं आहेत, झाडीपट्टीत रात्रभर नाटकं करणारे एवढे तयार कलाकार आहेत. कोणीतरी इकडं कॅमेरा आणा ना.

मूकपट बघवतात का?

'नोस्फेराटू' बघवते. १९२२चा, जर्मनीचा, मुर्नाऊनं केलेला. ड्रॅक्युलाचीच गोष्ट, फक्त परवानगी न घेता, नावं बदलून. लेखक ब्रॅम स्टोकरच्या बायकोनं केस केली आणि कोर्टानं सगळ्या प्रिंट नष्ट करायचा हुकूम दिला. तरी काही प्रिंट वाचल्या म्हणून आज आपण पाहतो. पिशाच जिन्यावरून चढते आणि आपल्याला फक्त त्याची सावली दिसते, लांब बोटांची. पण मला जास्त लागलं ते जहाज, उंदरं, आणि रोगानं रिकामं पडलेलं गाव, रस्त्यानं एकामागं एक जाणाऱ्या शवपेट्या. २०२०-२१ पाहिलेल्या माणसाला ते शंभर वर्षं जुनं वाटणार नाही.

पैसे न देता आणि चोरी न करता काही पाहता येते का?

'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८), जॉर्ज रोमेरोचा. सिनेमाचं नाव ऐनवेळी बदललं तेव्हा कॉपीराइटची ओळ टाकायची राहून गेली आणि अमेरिकेतल्या तेव्हाच्या कायद्यानं तो सगळ्यांचा झाला. इंटरनेटवर सहज सापडते. एक घर, आत सात माणसं, बाहेर उठलेली मढी, आणि रेडिओ-टीव्हीवर येणाऱ्या बातम्या. आजच्या सगळ्या झोंबी सिनेमांचा हा बाप, पण यात तो शब्दच नाही. हिरो ड्युएन जोन्स, काळा नट, १९६८च्या अमेरिकेत. शेवट अजिबात सांगणार नाही, पण पाहून झाल्यावर शेवटच्या फोटोंवर नजर ठेवा.

लहान पोरांना दाखवू का?

दहाच्या खाली 'झपाटलेला'च्या पुढं नको. त्यानंतर पोरगं पाहून ठरवा, शेजारी बसा, आणि "एवढं काय भेतो" असं म्हणू नका.

आईला इंग्रजी येत नाही, सबटायटल वाचता येत नाही. तिला कोणता दाखवू?

हिंदी जुने आहेतच. पण इंग्रजीतला दाखवायचा असंल तर हिचकॉकचा 'द बर्ड्स' (१९६३) लावा. बोलणं सुरुवातीला आहे, ते थांबवून थांबवून दोन वाक्यात सांगून द्या, की ही शहरातली पोरगी, हा तिला आवडला, ही त्याची आई, तिला ही पसंत नाही. आईला एवढ्यात सगळं समजते. त्याच्यापुढं भाषा लागत नाही. पाखरं एक-एक करून तारेवर, मंग शाळेच्या मैदानातल्या पोरांच्या चढायच्या सांगाड्यावर येऊन बसतात, आत पोरं गाणं म्हणून राहिले, आणि ती बाई बाहेर बिडी-काडीवाल्या माणसासारखी निवांत सिगारेट ओढत बसली, मागं काय जमलं ते तिला माहीतच नाही. सिनेमाला पार्श्वसंगीत नाही, फक्त पंखांचे आणि चोचींचे आवाज, त्यातले बरेच मशीनवर तयार केलेले.

ज्या बाईनं ज्वारी भरली की माळ्यावर उभं राहून गोफणीनं पाखरं हाकलली, तिला पाखरांचा थवा म्हणजे काय हे हिचकॉकपेक्षा कमी माहीत नाही. माझी आई पूर्ण वेळ पदर तोंडाला लावून बसली होती आणि मध्येच म्हणे, "अवं, थे दार लाव म्हणा ना तिले." पाखरं अशी काहून करतात ते सिनेमा शेवटपर्यंत सांगत नाही, तर आई मला विचारत होती आणि मी म्हटलं मला पण माहीत नाही, कोणालाच माहीत नाही. ते तिला बरोबर वाटलं. पाहताना आवाज मोठा ठेवा, आणि मोबाइलवर पाहणार असाल तर इअरफोनची एक-एक बाजू दोघींनी घेऊ नका, स्पीकर लावा.